आधी वीजपुरवठा, मग प्रीअँप

गाण्याचा माइक सरळ रेकॉर्डरच्या लाइन इनपुटला जोडून पाहिला, तर आवाज जवळजवळ येतच नाही. माइकमधून निघणारे व्होल्टेज फारच थोडे असते. जिकडेतिकडे दिसणारा शुअर एसएम५८ घ्या. त्याच्यासमोर चांगला मोठा, ९४ डेसिबलचा आवाज झाला, तरी तो जेमतेम १.८५ मिलिव्होल्ट देतो. रेकॉर्डरला मात्र अर्धा ते एक व्होल्ट लागतो. मधली काहीशे पटींची वाढ करून देणारी छोटी पेटी म्हणजे प्रीअँप, अर्थात मुख्य अँप्लिफायरच्या आधीचा वर्धक.

तो घरी बांधता येतो. हवे ते यंत्र स्वतःच घडवायचे, ही गोष्ट कोल्हापूरला नवी नाही. बाबूराव पेंटर यांनी चित्रपटाचा कॅमेरा याच गावात तयार केला. १९३२ साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट इथेच बनला आणि त्याच्या ध्वनीची बाजू विष्णुपंत दामले यांनी सांभाळली. तेव्हा माइकचा संदेश वाढवायला काचेचे व्हॉल्व्ह लागत. आज तेच काम शेंगदाण्याएवढी आयसी करते. कळंब्यातल्या एखाद्या भजनी मंडळाला पेटी, पखवाज आणि गळा नीट मुद्रित करायचा असेल, तर दोन-चार सुट्ट्यांत हा प्रीअँप उभा राहू शकतो.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच पक्की धरा. ‘प्रीअँप बिघडला’ अशी तक्रार येते, तेव्हा दोष बहुधा प्रीअँपमध्ये नसतो. तो वीजपुरवठ्यात असतो, अर्थिंगमध्ये असतो, नाहीतर सोल्डरच्या एखाद्या कच्च्या टाक्यात असतो. म्हणून वीजपुरवठा आधी बांधायचा, मोजायचा आणि तो खरा उतरल्यावरच पुढे जायचे.

पहिले काम घरातल्या सॉकेटचे. मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून फेज आणि अर्थ यांच्यामध्ये मोजा. साधारण २३० यायला हवेत. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये दोन-तीन व्होल्टच दिसावेत. फेज-अर्थमध्ये काही भलताच आकडा आला, तर तिसऱ्या पिनेला तार जोडलेलीच नाही, असे समजा. जुन्या घरांत हे फार आढळते. अशा सॉकेटवर पत्र्याची पेटी चालवू नका. मेनच्या तारांचा सराव नसेल, तर हे काम जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. शासकीय आयटीआय कळंबा रस्त्यावरच आहे. तिथे हा धंदा शिकलेली मुले आपल्या आसपास नक्की सापडतील.

आता ट्रान्सफॉर्मर. दुकानात मागितला की बहुतेकदा १२-०-१२ चा हातात पडतो. आपण १५-०-१५, ५०० मिलिअँपिअरचा मागून घ्या. या निवडीमागचे गणित समजून घेण्यासारखे आहे, कारण संध्याकाळी येणारी घरघर इथेच जन्मते.

आपल्याला शेवटी अधिक १२ आणि उणे १२ असे दोन स्थिर व्होल्टेज हवे आहेत. ते ७८१२ आणि ७९१२ हे रेग्युलेटर देतात. रेग्युलेटर म्हणजे वरखाली होणारे व्होल्टेज एका आकड्यावर बांधून ठेवणारा भाग. त्याची अट एकच. आत येणारे व्होल्टेज बाहेरच्यापेक्षा निदान दोन-अडीच व्होल्ट जास्त हवे, म्हणजे इथे साडेचौदा. १५ व्होल्ट एसीचे शिखर साधारण २१ व्होल्टवर असते. डायोडमध्ये पाऊण व्होल्ट जातो आणि २० च्या वर उरतात. भार नसताना मीटर २४-२५ सुद्धा दाखवेल, तेव्हा दचकू नका. आता लाइन २३० ऐवजी १९० वर आली असे धरा. १५-०-१५ मध्ये तरीही पावणेसतरा व्होल्ट उरतात आणि काम चालते. १२-०-१२ मध्ये मात्र सव्वातेराच उरतात. रेग्युलेटरचा हात सुटतो आणि आवाजात घरघर शिरते. दुपारी स्वच्छ असलेला प्रीअँप रात्री भजनाच्या वेळी गुरगुरू लागतो तो यामुळे, आणि आपण मात्र आयसी बदलत बसतो.

मेनच्या बाजूला फेजवर स्विच आणि २५० मिलिअँपिअरचा फ्यूज घाला. ट्रान्सफॉर्मरच्या तारांच्या रंगांवर विसंबू नका. प्लग काढून ओहम मोजा. मेनकडच्या वेटोळ्याचा रोध शंभर ओहमच्या पुढे असतो, दुसऱ्या बाजूचा ओहम-दोन ओहम. मधली तार तीच, जिच्यापासून दोन्ही टोके सारखी मोजतात.

चार १एन४००७ डायोडांचा ब्रिज एसीचे डीसी करतो. त्यानंतर मधली तार आणि प्रत्येक बाजू यांच्यामध्ये २२०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचा एकेक कॅपॅसिटर लावा. त्याचे काम दोन शिखरांमधली दरी भरून काढण्याचे. ५० मिलिअँपिअर ओढले, तर या मापाच्या कॅपॅसिटरवर सुमारे पाव व्होल्टाची लहर राहते. उरलेली लहर रेग्युलेटर खाऊन टाकतो. कॅपॅसिटर उलटा लागला तर तापून फुटतो. उणे बाजूच्या कॅपॅसिटरचे अधिक टोक मधल्या तारेला जाते. बहुतेकजण चुकतात ते याच ठिकाणी.

रेग्युलेटर लावताना दोन सापळे आहेत. ७८१२ आणि ७९१२ दिसायला जुळे भाऊ, पण त्यांच्या पायांचा क्रम वेगळा. छापील बाजू आपल्याकडे धरली, तर ७८१२ चे पाय डावीकडून इनपुट, ग्राउंड, आउटपुट. ७९१२ चे मात्र ग्राउंड, इनपुट, आउटपुट. दुसरा सापळा पाठीच्या पत्र्याचा. ७८१२ ची पाठ ग्राउंडला जोडलेली असते आणि ७९१२ ची इनपुटला. दोन्ही एकाच पत्र्यावर आवळले की शॉर्ट झालेच. ७९१२ खाली मायकाचा तुकडा आणि स्क्रूला प्लास्टिकची बुशी घाला. खरे तर एवढ्या कमी करंटला ते कोमटच राहतात, त्यामुळे बोर्डावर मोकळे उभे ठेवले तरी चालेल.

७९१२ च्या आउटपुटला १० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर अगदी पायाशी हवाच. तो नसेल तर हा रेग्युलेटर स्वतःच कंप पावू लागतो. दोन्ही आउटपुटांवर ग्राउंडकडे उलटा असा एकेक १एन४००७ टाका. चालू करताना एक बाजू दुसरीला ओढून अडकवून ठेवते, तो प्रकार यामुळे टळतो.

पहिल्यांदा वीज द्याल ती सिरीज बल्बमधून. जुना ४० किंवा ६० वॅटचा तारेचा बल्ब फेजच्या वाटेत जोडायचा. एलईडी बल्ब इथे कामाचा नाही. सगळे ठीक असेल तर बल्ब क्षणभर लुकलुकतो आणि विझतो. भगभगीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. लगेच बंद करा आणि डायोडांच्या पट्ट्या व कॅपॅसिटरच्या खुणा पुन्हा पाहा.

बल्ब विझला की मोजा. ११.५ ते १२.५ यांमध्ये दोन्ही बाजू असतील तर वीजपुरवठा झाला. प्रत्येक बाजूला १००० ओहमचा रेझिस्टन्स लावून पुन्हा मोजा. आकडा हलता कामा नये. आतल्या भागांना हात लावण्याआधी प्लग काढा आणि त्याच रेझिस्टन्सने मोठे कॅपॅसिटर रिकामे करा.

आता मूळ प्रीअँप. पहिल्या बांधणीला एनई ५५३२ च्या दोन आयसी घ्या. प्रत्येकीत दोन वर्धक असतात. माइकची बॅलन्स्ड तार दोन पायांवरून एकमेकांविरुद्ध संदेश आणते. वाटेत शिरलेला गोंगाट मात्र दोन्ही पायांवर सारखाच असतो. पहिले दोन वर्धक दोन्ही पाय वाढवतात आणि तिसरा त्यांतला फरक काढतो. गाणे उरते, गोंगाट वजा होतो. चौथा वर्धक बाहेर जाणाऱ्या तारेला जोर देतो. त्याच्या आउटपुटला १०० ओहम घालायला विसरू नका, नाहीतर लांब केबल जोडल्यावर आयसी कंप पावते.

पहिल्या टप्प्यात दोन्ही बाजूंना २.२ किलोओहम आणि मध्ये १०० ओहम ठेवले, तर ४५ पट वाढ मिळते. तिसऱ्या वर्धकाला २.२ आणि १० किलोओहमच्या जोड्या दिल्या की आणखी साडेचार पट. म्हणजे एकूण सुमारे २००. तोंडाजवळ धरून गायच्या माइकला एवढे पुरते. १०० ओहमच्या सिरीजमध्ये ५ किलोओहमचा पॉट, म्हणजे फिरवायचा रेझिस्टन्स घातला, की वाढ कमीजास्त करता येते. साध्या लिनियर पॉटमध्ये सगळी वाढ शेवटच्या चिमूटभर वळणात येते. त्याऐवजी लॉग पॉट घेऊन उलटा जोडा, किंवा रोटरी स्विचवर ठरावीक रेझिस्टन्स बसवा. मला स्विच अधिक पसंत आहे. दोन माइकांची पातळी जुळवताना त्याचा उपयोग कळतो. त्याच वाटेत ४७० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटरही ठेवा, म्हणजे पॉट फिरवताना खडखड होत नाही.

तिसऱ्या वर्धकाभोवतीचे चार रेझिस्टन्स एक टक्क्याचे घ्या आणि त्यांच्या जोड्या मीटरने जुळवा. त्या जुळल्या नाहीत तर गोंगाट पूर्ण वजा होत नाही.

आयसी थेट सोल्डर करू नका, बेस वापरा. आयसी बसवण्याआधी बेसच्या आठव्या पायावर अधिक १२ आणि चौथ्यावर उणे १२ आहेत ना, ते पाहा. या दोन पायांपासून ग्राउंडला ०.१ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर बेसला चिकटून लावा. मग वीज बंद करून आयसी बसवा. माइक न जोडता पहिल्या आणि सातव्या पायावर डीसी मोजा. काही मिलिव्होल्ट दिसले तर उत्तम. ११ च्या आसपास अडकून राहिले तर कुठेतरी रेझिस्टन्स सुटला आहे, बहुधा इनपुटपासून ग्राउंडला जाणारा. आयसी चटका बसण्याइतकी तापत असेल तर ती उलटी बसली आहे किंवा कंप पावते आहे.

मग माइक जोडा आणि घरघर ऐका. इथे भजनी मंडळींचा कान मीटरपेक्षा सरस ठरतो. घरघरीचे दोन प्रकार असतात. एक ५० हर्ट्झची, खोल आणि गोल. दुसरी १०० हर्ट्झची, पहिलीच्या बरोबर वरच्या सप्तकातली आणि खरखरीत. शंका आली तर फोनवरचे ट्यूनरचे अ‍ॅप उघडा.

१०० ची असेल तर वीजपुरवठ्याकडे वळा. मोठा कॅपॅसिटर कोरडा झाला, किंवा कॅपॅसिटरांना जाणारी जाड करंटची वाट आणि माइकचे ग्राउंड एकाच तारेतून नेले. दोघांची ग्राउंड वेगवेगळी आणून एकाच बिंदूवर भेटवा.

५० ची असेल तर ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्राचा संशय घ्या. तो हातात धरून फिरवा. घरघर बदलली तर त्याला दूर नेणे हाच उपाय. म्हणून ट्रान्सफॉर्मर वेगळ्या पेटीत ठेवून डीसी केबलने आणलेले मला सर्वांत बरे वाटते. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर घरघर थांबली, तर दोन अर्थिंगांचे वेटोळे झाले आहे. दोन्ही उपकरणे एकाच बोर्डावरून चालवा. अर्थची पिन मोडून आवाज घालवण्याचा उपाय मात्र कधीही करू नका. त्याने जीव जाऊ शकतो.

मोबाइलची टर्रटर्र येत असेल तर माइकच्या एक्सएलआर सॉकेटचा पहिला पाय पाहा. तो बोर्डाला नव्हे, थेट पत्र्याच्या पेटीला जोडलेला हवा. दोन्ही इनपुटांवर ४७० पिकोफॅरड लावले की बाकीची टर्रटर्र बरीच थांबते. पावसाळ्यात नवाच सरसर आवाज सुरू झाला, तर बोर्डावर राहिलेल्या फ्लक्सने ओल धरली आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने बोर्ड धुऊन पूर्ण वाळवा.

कंडेन्सर माइकला ४८ व्होल्टचा फँटम, म्हणजे माइकच्याच तारेतून उलट दिशेने जाणारा पुरवठा लागतो. डायनॅमिक माइकवर सगळे स्वच्छ झाल्यावरच याला हात घाला. इथे १२-०-१२ चा छोटा ट्रान्सफॉर्मर उपयोगी पडतो. त्याची फक्त दोन टोके घेतली की २४ व्होल्ट मिळतात. दोन डायोड आणि दोन कॅपॅसिटरांच्या डबलरने त्याचे ६६ च्या आसपास होतात, बिनभाराचे त्याहून जास्त. हे कॅपॅसिटर १०० व्होल्टचेच घ्या. पुढे दोन २४ व्होल्टचे झेनर आणि एक ट्रान्झिस्टर त्याला ४८ वर आणतात.

तिथून ६.८ किलोओहमचे दोन रेझिस्टन्स माइकच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पायाला जातात. या दोघांत २७ ओहमपेक्षा जास्त फरक नसावा. दहा-बारा विकत घ्या आणि मीटरने जोडी निवडा. इनपुटच्या वाटेतले कॅपॅसिटर आता ६३ व्होल्टचे हवेत, अधिक टोक माइककडे. त्यांच्या आतल्या बाजूला दोन्ही पुरवठ्यांकडे जाणारे डायोड लावा, नाहीतर माइक खोचताना बसणारा झटका आयसीचा जीव घेतो.

माइक जोडण्याआधी मीटर मिलिअँपिअरवर ठेवून सॉकेटचा दुसरा पाय पहिल्याला टेकवा, मग तिसरा पहिल्याला. दोन्ही वेळा ७ च्या आसपास आणि सारखाच आकडा यायला हवा. एक कमी भरला तर त्या बाजूचा रेझिस्टन्स पुन्हा मोजा. दोन्ही जुळले की फँटम बंद ठेवूनच माइक खोचा, रेकॉर्डरची पातळी पूर्ण खाली घ्या आणि मग फँटम चालू करा. काढतानाही आधी फँटम बंद करा, कॅपॅसिटर रिकामे व्हायला अर्धा मिनिट थांबा आणि मगच केबलला हात लावा.