पानिपतच्या चुली: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पानिपतावर मराठे का हरले, या प्रश्नाचे सर्वांत लोकप्रिय उत्तर चुलींचे आहे. लढाईच्या आदल्या रात्री अफगाण बादशहा अहमदशहा अब्दालीला मराठ्यांच्या छावणीत जागोजागी जाळ दिसले. हे काय, असे त्याने विचारले. मराठे एकमेकांच्या हातचे खात नाहीत, जातीजातीची चूल वेगळी, असे त्याला कळले. आणि जे एका पंगतीला बसत नाहीत ते एकजुटीने लढणार कसे, उद्या जय आपलाच, असे तो म्हणाला. भाषणांत, वर्गांत आणि मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत ही गोष्ट इतक्यांदा सांगितली गेली आहे की तिला पुरावा विचारणेही अनेकांना गैर वाटते. तो विचारायलाच हवा.

अब्दालीच्या बाजूने लढाई पाहिलेल्या माणसांत सर्वाधिक उद्धृत होतो तो काशीराज पंडित. तो अब्दालीच्या पक्षातल्या अवधच्या नवाबाच्या, शुजाउद्दौल्याच्या, चाकरीत होता आणि दोन्ही पक्षांतल्या निरोपांची ये-जा त्याला माहीत होती. अब्दालीची बोलणी, मराठ्यांचे सेनापती भाऊसाहेब यांची शेवटची चिठ्ठी, मराठ्यांची उपासमार, सगळे त्याने नोंदवले आहे. चुलींचा हा संवाद त्यात नाही. आणि काशीराज स्वतः ब्राह्मण होता, हेही ध्यानात घ्यावे. अनुपगिर आणि उमरावगिर या गोसाव्यांचे पथकही शुजाबरोबर अब्दालीच्याच पक्षात होते. म्हणजे वेगळ्या चुली पाहण्यासाठी अब्दालीला मराठ्यांच्या छावणीकडे नजर टाकण्याची गरज नव्हती.

शिवाय तो हिंदुस्थानात नवखा नव्हता. १७४८ पासून त्याच्या स्वाऱ्या चालू होत्या. पानिपतावर दोन्ही फौजा नोव्हेंबर १७६० च्या सुरुवातीपासून समोरासमोर तळ देऊन होत्या. अडीच महिने रोज दिसणारे जाळ १३ जानेवारीच्या रात्री त्याला एकाएकी नवलाचे वाटले, हे पटण्यासारखे नाही.

गोष्टीचा खरा दोष मात्र याहून मोठा आहे. त्या काळचे सैन्य जेवत कसे होते, हेच ती सांगणाऱ्यांना ठाऊक नसते. अठराव्या शतकातल्या हिंदी फौजांत सरकारी भटारखाना नव्हता. शिपायाला पगार मिळे आणि शिधा तो छावणीच्या बाजारातून विकत घेई. प्रत्येक सरदाराच्या तळाबरोबर बाजार चाले: वाणी, तेली, कासार, हलवाई. बाजारात धान्य येई ते बंजाऱ्यांच्या तांड्यांतून, हजारो बैलांच्या पाठीवरून. कूच थांबले की घोड्याला चंदी आणि वैरण आधी, माणसाचे नंतर. तीन दगड मांडून चूल व्हायची. सरपण नसले तर शेणी. भाकरीचे पीठ परातीतच थापायचे, पोळपाट-लाटण्याचे ओझे नाही. तव्यावर एक बाजू, मग निखाऱ्यावर उभी धरून दुसरी. उरलेली भाकरी फडक्यात बांधून दुसऱ्या दिवशीच्या कुचाला. एका चुलीभोवती सहसा एका पागेची, एका गावची किंवा एका भावकीची माणसे असत. जात त्यात होतीच आणि सोवळेओवळेही होते. ते नाकारण्यात काही अर्थ नाही. पण सगळ्या छावणीचा एकच स्वयंपाक ही सोय तेव्हाच्या फौजांत सहसा नव्हती.

युरोपातही तेच होते. इंग्रजांच्या पलटणीत पाच-दहा शिपायांमागे एक हंडा असे आणि ती माणसे आपले आपण रांधून खात. हिशेब करून पाहावा: दहा माणसांमागे एक चूल धरली तरी साठ हजारांच्या फौजेला सहा हजार चुली लागतात, आणि पानिपतावर लढणाऱ्यांखेरीज बुणगे, यात्रेकरू, बायकामुले यांचा प्रचंड जमाव होता. दुरून पाहणाऱ्याला जातिभेद नसलेली फौजही तशीच दिसली असती.

वेगळ्या चुलीने लढाई हरते, हा नियम खरा मानला तर ईस्ट इंडिया कंपनीचे काय करायचे? तिच्या बंगाल फौजेत अवध-बिहारकडचे ब्राह्मण आणि राजपूत शिपाई मोठ्या संख्येने होते. त्यांचे सोवळे मराठ्यांपेक्षा कडक. कित्येक जण आपला स्वयंपाक एकट्यापुरता करत. पानिपतानंतर चारच वर्षांनी, १७६४ मध्ये, बक्सारला या फौजेने ज्यांचा पराभव केला त्यांत पानिपतावर विजयी बाजूला असलेला शुजाउद्दौलाही होता. वेगवेगळ्या चुली मांडणाऱ्या शिपायांच्या बळावर कंपनीने हिंदुस्थान जिंकला.

पानिपतावर चुलीचा प्रश्न होता, पण तो चूल पेटण्याचाच होता. १७ ऑक्टोबर १७६० ला कुंजपुरा घेतल्यावर मराठ्यांच्या हाती धान्याचा मोठा साठा आला. त्यानंतर आठवड्याभरात अब्दाली बागपताजवळ यमुना ओलांडून दिल्ली आणि मराठे यांच्यामध्ये येऊन बसला. त्याची रसद रोहिलखंडातून, त्याचा साथीदार रोहिला सरदार नजीबखान याच्या मुलखातून येत राहिली. मराठ्यांची दक्षिणेकडची वाट बंद झाली. पतियाळ्याच्या आलासिंगाकडून काही धान्य येत होते, ते पुरे पडले नाही. दोआबात शत्रूची रसद तोडणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरमध्ये मारले गेले. कहीला, म्हणजे वैरण-लाकूडफाट्याला बाहेर पडणे जिवावरचे झाले; रात्री छावणीबाहेर गेलेले सुमारे २० हजार बुणगे एकाच वेळी कापले गेले, असे काशीराज सांगतो. घोडी उपाशी, आणि मराठ्यांची मोठी भिस्त घोडदळावर. दोन दिवस पोटात अन्न नाही, असे मरण्यापेक्षा लढून मरू, असे सरदारांनी आणि शिपायांनी भाऊसाहेबांना सांगितले. तेव्हा उरलेसुरले धान्य वाटून लोकांना एकदा पोटभर जेवू घातले आणि १४ जानेवारीला पहाटे फौज बाहेर पडली. ज्या छावणीत धान्य आणि सरपण दोन्ही संपत आले होते, तिथे त्या रात्री जाळांचा झगमगाट कल्पिणे हा त्या उपाशी माणसांवर अन्याय आहे. अशा स्थितीतही दुपारपर्यंत ते भारी पडत होते.

चुलीच्या शिस्तीकडे मराठ्यांचे लक्ष नव्हते, हाही समज चुकीचा. चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी १६७० च्या दशकात पाठवलेले पत्र वाचावे. दाणावैरण पावसाळाभर पुरवून वापरा, नाहीतर रयतेच्या घरात शिराल. गवताजवळ चुली पेटवू नका, तंबाखू ओढू नका. रात्री दिवा जळता ठेवलात तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी जळतील, इतक्या बारकाव्याने त्यात बजावले आहे.

खाण्याबद्दलचे आणखी काही समजही तपासायला हवेत. मराठा शिपाई कणसे चोळून दाण्यांवर जगे, हे झटपट स्वारीपुरते खरे. एका जागी अडकलेल्या लाखभर माणसांना ते शक्य नव्हते, आणि जानेवारीत पानिपतच्या रानात ज्वारी नसते, गहू हिरवा असतो. यात्रेकरूंनी अन्न संपवले म्हणून फौज उपाशी राहिली, हे अर्धेच खरे: तोंडे वाढली, पण वाट बंद नसती तर बाजार भरत राहिला असता. मिरची मराठी मातीत अनादिकाळापासून आहे, हे खोटे; ती पोर्तुगीजांमार्फत सोळाव्या शतकात आली, त्याआधी तिखट म्हणजे मिरे. चित्रपटांतल्या पेशवाई छावणीत दिसणारी बटाट्याची भाजीही चुकीची. देशावर बटाटा रुजला तो इंग्रजी अमदानीत. आणि भारतीय सैन्यात आजही जातवार चुली असतात, असे सांगणाऱ्याने एखाद्या पलटणीचा लंगर पाहावा: तुकडीचा स्वयंपाक एकत्र होतो आणि जवान एकाच रांगेत ताट घेऊन उभे राहतात.