ओव्हलवरचे सहा बळी

मॉसन लेक्सहून आगगाडीने शहरात उतरावे, टॉरेन्स नदीवरचा पूल ओलांडावा, की समोर ॲडलेड ओव्हल. तिथे आपण मुलांना ब्रॅडमनच्या गोष्टी सांगतो. मुंबईच्या अजित आगरकरचीही सांगायला हवी.

आचरेकर सरांच्या हाताखाली तयार झालेला हा मुलगा मूळचा फलंदाज. अंगकाठी किरकोळ, वेग यायचा तो झपकन फिरणाऱ्या हातातून. १९९८ मध्ये त्याने अवघ्या २३ एकदिवसीय सामन्यांत ५० बळींचा तेव्हाचा विक्रम केला. पुढे १९१ सामन्यांत २८८ बळी. कसोटीत मात्र २६ सामन्यांत ५८, तेही प्रत्येकी ४७ धावा मोजून! असे का? एकदिवसीय सामन्यात फलंदाजाला मारावेच लागते. कसोटीत तो चांगला चेंडू सोडतो आणि सैल चेंडूची वाट पाहतो. आगरकरकडून तो हमखास मिळे.

१९९९-२००० च्या दौऱ्यात याच देशात लागोपाठ शून्यांमुळे त्याची थट्टा झाली होती. डिसेंबर २००३ मध्ये ऑस्ट्रेलियाने ओव्हलवर पहिल्या डावात ५५६ धावा केल्या. दुसऱ्या डावात आगरकरने लँगर आणि पाँटिंगला लवकर घालवले, शेपूटही गुंडाळले: ४१ धावांत ६ बळी, ऑस्ट्रेलिया सर्वबाद १९६. सामना द्रविडच्या २३३ आणि नाबाद ७२ धावांसाठी ओळखला जातो, ते रास्तच. पण विजयासाठी फक्त २३० धावा उरल्या, त्या आगरकरमुळे. १९८१ नंतर भारताने ऑस्ट्रेलियात जिंकलेली ही पहिलीच कसोटी.

कसोटीच्या एका डावात पाच बळी त्याला पुन्हा कधी मिळाले नाहीत. २०१३ मध्ये मुंबईला रणजी करंडक जिंकून देऊन त्याच वर्षी तो निवृत्त झाला.