छायाचित्रातून रेखाचित्र
अमरावती-अकोल्याकडील कित्येक घरांत आजीचे एकच पिवळे पडलेले छायाचित्र उरलेले असते. ‘गिम्प’ या मोफत संगणकप्रणालीत त्याचे रेखाचित्र करता येते. स्कॅन केलेल्या प्रतीवरील ओरखडे प्रथम पुसावेत, अन्यथा त्यांच्याही रेघा उमटतात. मग रंग काढावेत. थराची प्रत घेऊन ती ‘इन्व्हर्ट’ करावी, ‘डॉज’ मिश्रण निवडावे व ‘गॉसियन ब्लर’ने ती धूसर करावी. सपाट भाग, पसरट डागांसह, पांढरे होतात. उजेड-अंधाराच्या सीमेवरच रेघ उरते. धूसरता वाढविल्यास रेघ रुंदावते. मात्र पुसून गेलेला चेहरा या कृतीने परतत नाही. तो अंदाजाने रेखाटू नये; ती मग आपली आजी राहत नाही. मूळ छायाचित्र सदैव जपावे.