ड्रोनच्या आधीचा चार्जर

'थ्री इडियट्स'मधला चार पंख्यांचा ड्रोन ज्या तरुणांनी बनवला, त्यांच्या कंपनीचं पहिलं उत्पादन उडणारं नव्हतंच. दांडा हाताने गरगर फिरवून मोबाइल चार्ज करायचा, असा तो चार्जर होता! कंपनी आयडियाफोर्ज, साल २००७, आणि पाठीशी पवईच्या आयआयटीतला इन्क्युबेटर 'साइन', म्हणजे सोसायटी फॉर इनोव्हेशन अँड आंत्रप्रेन्युअरशिप. चार्जर आज कुणाला आठवतही नाही. पहिल्या मालावरून माणसं जोखणाऱ्या सावकाराने तिथेच वही मिटली असती.

पूर्वपीठिका झटपट उरकू. अमेरिकेत १९५९ साली बटाव्हिया गावातल्या एका रिकाम्या कारखान्यात पहिला इन्क्युबेटर निघाला. आपल्याकडे १९८२ पासून केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने उद्योजकतेचं स्वतंत्र मंडळ चालवलं. पवईत १९९९ साली, माजी विद्यार्थी कंवल रेखी यांचं नाव असलेल्या माहिती तंत्रज्ञान विभागात छोटा प्रयोग झाला; २००४ मध्ये त्यातूनच 'साइन' उभी राहिली.

अशा ठिकाणी मिळतं काय? बसायला जागा, हिशेब आणि पेटंटसाठी जाणकार, गुंतवणूकदारांच्या ओळखी. बदल्यात बहुधा कंपनीतला छोटासा हिस्सा. २०२१ मध्ये आलेल्या केंद्राच्या ९४५ कोटींच्या सीड फंड योजनेत, कल्पना चालते का हे तपासायला इन्क्युबेटरमार्फत २० लाखांपर्यंत अनुदानाचीही सोय होती. पण पैसा आणि खोली तर शहरातही मिळते. विद्यापीठाची खरी श्रीमंती म्हणजे शेजार. लेथ मशीन खालच्या मजल्यावर, मोटर का तापते हे सांगणारा प्राध्यापक पलीकडच्या इमारतीत आणि हाताखाली यायला उत्सुक विद्यार्थी कँटीनमध्ये! ॲप बनवणाऱ्याचं लॅपटॉपवर भागतं. वस्तू बनवणाऱ्याला हा शेजार लागतोच.

आयडियाफोर्जचंच पाहा. दिघीच्या डीआरडीओ प्रयोगशाळेबरोबर त्यांनी 'नेत्र' हा ड्रोन बनवला, वजन अवघं दीड किलो. २०१३ च्या उत्तराखंड प्रलयात अडकलेली माणसं शोधायला तो वापरला गेला. २०२१ मध्ये लष्कराने त्यांच्या 'स्विच' विमानांसाठी सुमारे दोन कोटी डॉलरची मागणी नोंदवली. हेलिकॉप्टरसारखं जागच्या जागी उठायचं आणि मग विमानासारखं पंखांवर तरंगत जायचं, ही त्याची करामत. (इथे लेखकाचा ड्रोनचा नाद डोकावतोय, हे चाणाक्ष वाचकाने ओळखलंच असेल.) २०२३ मध्ये समभाग विक्रीला आले, तेव्हा शंभरपटींहून जास्त मागणी आली. किंमत ६७२ रुपये होती. पुढे भाव त्याखालीही घसरला, हेही सांगायला हवं. पण चार्जरपासून शेअर बाजारापर्यंत सोळा वर्षं गेली. खासगी गुंतवणूक निधीचं आयुष्यच साधारण दहा वर्षांचं असतं. सुरुवातीच्या, काहीच न विकणाऱ्या वर्षांत टेकू द्यायला विद्यापीठासारखी घाई नसलेली संस्थाच लागते.

पवईचंच आणखी एक अपत्य म्हणजे आयू डिव्हायसेसचा डिजिटल स्टेथोस्कोप. साध्या स्टेथोस्कोपच्या नळीत बसवायचं छोटं यंत्र छातीचा आवाज मोठा करून ब्लूटूथने पाठवतं. करोनाकाळात पीपीई किटमधल्या डॉक्टरांना त्याचं महत्त्व वेगळं सांगावं लागलं नाही.

अलीकडे मात्र इन्क्युबेशन सेंटरची पाटी कॉलेजागणिक दिसते. रंगीत खुर्च्या, भिंतीवर प्रेरक वाक्यं, वर्षातून एक हॅकेथॉन, आणि वर्कशॉपला संध्याकाळी पाचला कुलूप! प्रस्तुत लेखकाच्या मते, इन्क्युबेटर जोखायचा असेल तर आधी त्या कुलपाची किल्ली कुणाकडे असते, ते विचारावं.

किल्ली हाती असली की काय होतं, ते आयआयटी मद्रासमध्ये दिसतं. तिथे ज्वलन संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे. अग्निकुल कॉसमॉस ही रॉकेट कंपनी २०१७ मध्ये त्याच्याच आश्रयाने सुरू झाली, प्राध्यापक सत्य चक्रवर्ती तिच्या संस्थापक-मंडळींत. भाड्याच्या गाळ्यात रॉकेटचं इंजिन पेटवू कोण देणार? इथे इंजिनही त्रिमितीय छपाईने एकसंध घडवलेलं, जोड नसलेलं. श्रीहरिकोट्यात स्वतःचा प्रक्षेपण तळ बांधूनही चार वेळा उड्डाण ऐनवेळी थांबवावं लागलं. ३० मे २०२४ च्या सकाळी पाचव्या खेपेला ते रॉकेट उडालं.