खडा किती मिलिमीटरचा, दवाखाना किती किलोमीटरवर

९५ टक्के आणि ३७ टक्के. किडनीच्या खालच्या कप्प्यातल्या खड्यांवर उत्तर अमेरिकेतल्या अनेक केंद्रांनी मिळून केलेला, २००१ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या दोन आकड्यांसाठी आजही काढला जातो. रुग्ण १२८. जवळपास अर्ध्यांच्या पाठीला छोटं छिद्र पाडून दुर्बिणीने खडा काढला (पीसीएनएल), उरलेल्यांना न कापता बाहेरून लहरींचा मारा दिला (ईएसडब्ल्यूएल). तीन महिन्यांनी पाहिलं तेव्हा पहिल्या गटातले ९५ टक्के पूर्ण मोकळे होते, दुसऱ्यातले ३७. एक सेंटिमीटरपर्यंतच्या खड्यांना लहरींनी ६३ टक्के यश मिळालं. त्याहून मोठ्यांना जेमतेम २१.

लहरी खडा फोडत नाहीत असं नाही. फोडतात, पण खालच्या कप्प्यातला चुरा चढण चढून बाहेर पडत नाही. म्हणून "लहरींनी खडा फुटला" आणि "खडा गेला" या दोन वेगळ्या बातम्या आहेत. त्यातही तपासणी एक्स-रेवर झाली की सीटी स्कॅनवर, हे विचारावं. एक्स-रेला न दिसणारा कण सीटीला दिसतो आणि दवाखान्याची टक्केवारी तिथेच घसरते.

मग सरसकट पीसीएनएलच करावं का? ९५ चा आकडा निवडक रुग्णांचा आहे. २००७ ते २००९ या काळात २६ देशांतल्या ९६ केंद्रांनी ५,८०३ रुग्णांची नोंद ठेवली. त्यात सगळ्या प्रकारचे खडे आले आणि पूर्ण मोकळे झालेले निघाले ७५.७ टक्के. ५.७ टक्क्यांना रक्त द्यावं लागलं, १०.५ टक्क्यांना ताप आला. रक्ताचा आकडा तेलंगणातल्या आपल्या आदिलाबादसाठी मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. गोंड वस्त्यांमध्ये सिकलसेल आहे, बायकांमध्ये पंडुरोग तर घरोघरी. मूळचं हिमोग्लोबिनच आठ-नऊ असेल तर शंभरातल्या त्या सहाजणांत आपण असू का, हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. सिकलसेलची तपासणी भूल देण्याआधी झालेली असावी, टेबलावर घेतल्यावर नव्हे.

रक्तस्राव कमी करायचा म्हणून छिद्र बारीक होत गेलं. नेहमीच्या पीसीएनएलची वाट आठ ते दहा मिलिमीटरची, मिनी-पर्कची साधारण पाच ते सात. गुजरातेत नडियादच्या मुळजीभाई पटेल युरॉलॉजिकल हॉस्पिटलमधल्या डॉ. महेश देसाई आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ज्या 'मायक्रोपर्क'चे पहिले निकाल मांडले, त्याची सुई दीड मिलिमीटरहून किंचित जाड. त्याच दवाखान्याने पुढे दीड सेंटिमीटरपेक्षा लहान खड्यांसाठी मायक्रोपर्क आणि आरआयआरएस यांची तुलना केली, प्रत्येकी ३५ रुग्णांवर. आरआयआरएस म्हणजे लघवीच्या वाटेने लवचिक दुर्बीण वर किडनीपर्यंत नेऊन लेझरने खडा फोडणं. खडा गेला ९७.१ आणि ९४.१ टक्के रुग्णांचा. एवढ्याशा गटात हा फरक एक-दोन माणसांचा, त्यावर भांडण्यात अर्थ नाही. खरा फरक दुसरीकडे होता. हिमोग्लोबिन मायक्रोपर्कमध्ये ०.९६ ने उतरलं, आरआयआरएसमध्ये ०.५६ ने. उलट आत डीजे स्टेंटची नळी ठेवावी लागली ती मायक्रोपर्कच्या २० टक्के रुग्णांना आणि आरआयआरएसच्या ६२.८ टक्क्यांना.

हा स्टेंट नंतर काढावा लागतो, म्हणून इथे किलोमीटर मध्ये येतात. आदिलाबादहून हैदराबाद सुमारे ३०० किलोमीटर, नागपूर सुमारे २००, दोन्ही एकाच ४४ नंबरच्या महामार्गावर. लहरींचंही तेच: दोन बैठका आणि एक तपासणी धरली तर हैदराबादच्या तीन खेपा, म्हणजे १,८०० किलोमीटर. सोबत एक माणूस आणि कापसाच्या दिवसांत बुडालेली मजुरी. न कापता होणारा स्वस्त इलाज इथल्या माणसाला महाग पडू शकतो तो असा. खडा किडनीतून सुटून मूत्रनलिकेत अडकला असेल तर मात्र माझं मत बदलतं. ब्रिटनमध्ये ६०० हून अधिक रुग्णांवर झालेल्या चाचणीत लहरींनंतर २२.१ टक्क्यांना पुन्हा काहीतरी करावं लागलं, लघवीच्या वाटेने घातलेल्या दुर्बिणीनंतर १०.३ टक्क्यांना. म्हणजे दहातले जवळजवळ आठ जण लहरींवरच सुटले, आणि खर्चही कमी.

आदिलाबादेत रिम्स हे सरकारी रुग्णालय आहे. तिथे काय होतं, कुठल्या वारी युरॉलॉजिस्ट बसतात, हे आधी विचारून मगच गाडी धरावी. तेलंगणाच्या आरोग्यश्री योजनेची मर्यादा डिसेंबर २०२३ पासून वर्षाला कुटुंबामागे १० लाख आहे, पण ती योजनेच्या यादीतल्या दवाखान्यांत. भाषा आपली, सोयरे तिकडचे, म्हणून नागपूर-यवतमाळचा रस्ता धरणारे बरेच असतात. तिथे आरोग्यश्रीचं कार्ड चालेल असं गृहीत धरू नये.

ढोबळ हिशेब असा: दोन सेंटिमीटरच्या वर पीसीएनएल, यावर जगभर फारसं दुमत नाही. एकाच्या आत आरआयआरएस किंवा लहरी. वाद एक ते दोनच्या मधला, आणि तिथे खडा खालच्या कप्प्यात असेल व घर लांब असेल तर मी एकाच भरतीत काम संपवणाऱ्या मिनी-पर्ककडे झुकेन. हिमोग्लोबिन कमी असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आरआयआरएसकडे.

आरआयआरएस केलं तर स्टेंट काढायची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यायची. दुखणं थांबतं, पेरणी लागते, आणि नळी आतच राहते. सौदी अरेबियातल्या १९९१ च्या एका अभ्यासात सहा आठवड्यांच्या आत काढलेल्या ९.२ टक्के स्टेंटांवर क्षार चढलेले होते. सहा ते बारा आठवडे राहिलेल्यांपैकी ४७.५ टक्क्यांवर. बारा आठवड्यांनंतर ७६.३. अशी दगड झालेली नळी पाच मिनिटांत निघत नाही, तिच्यासाठी पुन्हा भूल आणि पुन्हा लेझर. साधी नळी वेळेत काढायला बहुतेकदा लांबही जावं लागत नाही. दुर्बीण हाताळणारा जवळचा सर्जन ते करू शकतो, पण तो मिळेल का, हे ऑपरेशनची तारीख घेण्याआधी फोन करून विचारायचं.