पाणी ओसरतं, डोंगर फुलतो

पवना, मुळशी, पानशेत, भंडारदरा. या जलाशयांच्या काठी घर बांधायची हौस असणाऱ्या अनेकांना जागा पसंत पडते ती पावसाळ्यात. तुडुंब पाणी, उतरलेले ढग आणि हिरवागार डोंगर बघून भूल पडणारच. पण श्रावणात सगळं रान एकाच रंगात असतं. कोणतं झाड कोणतं, हे जाणकारालाही जवळ गेल्याशिवाय सांगता येत नाही. माघ सरत आला की चित्र पालटतं. प्रत्येक झाड लांबूनच आपली ओळख सांगू लागतं, पाणी कुठवर मागे हटतं ते दिसतं, वाऱ्याची आणि वणव्याची दिशा कळते. तळ्याकाठची जागा खऱ्या अर्थानं समजते ती वसंतात. तिथल्या बागेचा विचारही वसंतापासूनच सुरू व्हायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

ही तळी मुळात धरणं आहेत, हे विसरून चालणार नाही. मुळा नदीवरच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीच्या शेतकऱ्यांनी 1921 पासून सत्याग्रह केला. तरी धरण झालं. त्याचं पाणी घाट उतरून कोकणातल्या भिऱ्याच्या वीजकेंद्राकडे जाऊ लागलं आणि मावळ्यांची शेतं, घरं, देवळं बुडाली. आज काठावर जी जुनी झाडं उभी आहेत, ती त्या बुडालेल्या गावांच्या शिवारातली आणि रानातली. आपलं घर आणि आपली बाग त्यांच्यानंतर आली आहे.

या झाडांत वसंताची पहिली वर्दी देते ती काटेसावर. पान न् पान गळालेलं, आडव्या फांद्या पसरलेल्या आणि त्यांवर लालभडक फुलं. खाली पडलेलं एखादं फूल हातात घेऊन बघावं. तळहात भरून टाकणारं, वजनदार. पाच जाड पाकळ्या मागे वळलेल्या, मधोमध पुंकेसरांचे जुडगे आणि तळाशी भरपूर मध. त्या मधासाठी साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, शिंजीर यांची सकाळपासून झुंबड उडते. पुंकेसरांत डोकं खुपसलं की पराग डोक्याला चिकटतात आणि पुढच्या फुलापर्यंत जातात. झाडाखालच्या सड्यावर भेकरंही येतात. पुढे बोंडं उकलली की सावरीचा कापूस वाऱ्यावर निघतो.

पांगारा आणि पळस यांचीही हीच तऱ्हा. पानं झडल्यानं पाण्याचा खर्च थांबतो आणि खोडात साठलेल्या पाण्यावर झाड फुलू शकतं. पानांचा आडोसा नसल्यानं फुलं दुरून दिसतात, ती पक्ष्यांना हाकारतात. पळसाच्या काळपट मखमली कळ्यांतून केशरी फुलं बाहेर पडतात, तेव्हा होळी जवळ आलेली असते. ही फुलं उकळून काढलेला रंग रंगपंचमीला वापरायची आपली जुनी रीत आहे.

वसंतात फुलांइतकीच पालवीही बघण्यासारखी असते. कुसुंबाची कोवळी पानं अशी लाल असतात की झाड फुललंय असं वाटावं. तो रंग कोवळ्या पानांना प्रखर उन्हापासून सांभाळतो. दाट, ओलसर रानाच्या कडेला अंजनीच्या फांद्यांवर निळ्या-जांभळ्या फुलांचे झुपके दाटतात. करवंदीच्या जाळ्या चांदणीसारख्या पांढऱ्या फुलांनी भरतात आणि त्यांचा वास उतारभर पसरतो. चैत्र-वैशाखात बहावा पिवळे झुंबर लावतो. हे सगळं फुकट आणि बिनपाण्याचं. प्लॉट सपाट करताना जेसीबीपुढे सर्वांत आधी जातात त्या करवंदीच्या जाळ्याच, याची मला खंत वाटते. करवंद, सागरगोटा, शिकेकाई यांचं काटेरी कुंपण जनावरांना अडवतं, फळं देतं आणि पाखरांना घरटी बांधायला जागा देतं. तारेच्या कुंपणाला हे जमत नाही.

घराभोवतीच्या बागेत मात्र माणसाच्या हातानं फुलणारी फुलं हवीतच. मोगऱ्याला थंडीत पाणी तोडून विश्रांती द्यावी, जानेवारीत छाटणी करावी, आळं मोकळं करून शेणखत घालावं आणि मग पाणी सुरू करावं. नव्या फुटव्यांवरच कळ्या येतात, त्यामुळे छाटणी टाळली तर बहर हुकतो. व्हरांड्यावर मधुमालती चढवावी. तिचं फूल संध्याकाळी उमलतं ते पांढरं. दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, नंतर लाल. पांढऱ्या सुवासिक फुलावर रात्री लांब सोंडेचे पतंग येतात आणि रंगलेल्या फुलांवर दिवसा मधमाश्या नि शिंजीर. एकाच घोसात तिन्ही रंग लटकलेले असतात. आळ्यांत पाचोळ्याचं जाड आच्छादन घातलं तर कडक उन्हातही ओल टिकते. लॉनला रोज लागणारं पाणी बघता, पाचोळा जाळणं ही चैन परवडणारी नाही.

पाणी ओसरतं तशी काठची गाळाची जमीन उघडी पडते. कुठे गावकरी तिच्यावर गाळपेर करतात, कुठे गुरं चरतात. थंडीतले पाहुणे चक्रवाक तोवर उत्तरेकडे निघालेले असतात. याच उघड्या काठावर टिटवी अंडी घालते. घरटं म्हणजे खडे मांडलेला उथळ खळगा, त्यात मातकट रंगावर काळे ठिपके असलेली बहुधा चार अंडी. दोन पावलांवरूनही ती खड्यांत हरवतात. ऊन तापलं की टिटवी पाण्यात जाऊन पोटाची पिसं भिजवते आणि परत येऊन अंड्यांवर बसते. डोक्यावर टिवटिवाट करत ती झेपावू लागली की आपण तिच्या घरट्याशी आलो आहोत हे समजून मागे फिरावं. काठावर गाड्या उतरवण्याचा मोह तर टाळावाच.

या ऋतूचा सर्वांत मोठा वैरी वणवा. वाळलेलं गवत पेटतं ते बहुतेक वेळा माणसाच्याच हातून. नीट न विझवलेली शेकोटी किंवा फेकलेलं थोटूक त्याला पुरतं. वर्षभर जपलेली रोपं, टिटवीची अंडी, करवंदीचा मोहर एका दुपारी राख होतो. म्हणून गवत पुरतं वाळण्याआधी हद्दीलगत पट्टा साफ करून जाळरेषा आखावी. शेजारच्या प्लॉटवाल्यांनी आणि गावकऱ्यांनी मिळून हे काम केलं तर सगळा उतार वाचतो.

दिवाळी सरली की डोंगरावरचं गवत पिवळं पडू लागतं. तेव्हा फाल्गुनाला अजून तीन-चार महिने असतात. जाळरेषा त्याआधी आखून होईल, मोगऱ्याची छाटणीही होईल. घर अजून कागदावरच असेल तर नकाशा पक्का करण्याची घाई नको. एखाद्या गावकऱ्याला बरोबर घेऊन वसंतात जागेवर हिंडावं, त्याच्याकडून एकेका झाडाचं नाव विचारून घ्यावं आणि खुणा करून ठेवाव्यात. घराची भिंत चार हात सरकवता येते. साठ-सत्तर वर्षांची काटेसावर मात्र सरकवता येत नाही.