शाफ्ट निवू दे, मग माप

पहाटे 5. कॅम्पची बस सनैयात, म्हणजे दोह्याच्या इंडस्ट्रियल एरियात शिरते. जुलै महिना, वर्कशॉपचं शटर या वेळेलाही गरमच लागतं.

6.00. दिवसाची सुरुवात तपासणीच्या खोलीत. इथला एसी बंद होत नाही, पारा 20 अंशांवर. लांबी मोजायचं जगभरातलं प्रमाण तापमान 1931 पासून हेच आहे. मायक्रोमीटरच्या दोन तोंडांत कोरा कागद हलकेच धरून ओढतो. तेलाचा डाग कागदावर उतरतो. मग 50 मिमीच्या मास्टरवर झिरो बघायचा. रॅचेट तीनदा टकटक, दर वेळी रीडिंग तेच यायला हवं.

7.30. कोल्हापूरच्या उद्यमनगरातून आलेला पोरगा सांगतो, "दादा, व्हर्निअरनं घेतलं. पन्नास बरोबर आहे."

"फ्लँजला चाललं असतं रे. ही बेअरिंगची सीट आहे."

ड्रॉइंगवर 50 के 6 लिहिलंय. म्हणजे शाफ्ट 50.002 ते 50.018च्या मध्ये हवा, सगळी सूट 16 मायक्रॉनची. व्हर्निअरचं लघुत्तम मापच 20 मायक्रॉन. किती चूक चालेल हे आधी बघायचं, तिचा दहावा हिस्सा वाचणारं साधन उचलायचं. इथं एक मायक्रॉन वाचणारा मायक्रोमीटरच लागतो, तोही 50-75चा.

9.30. ट्रकवरून व्हॉल्व्हच्या बॉड्या उतरतात. 1 जून ते 15 सप्टेंबर 10 ते 3.30 उघड्यावर काम करायला कायद्यानं बंदी आहे, म्हणून ही घाई. उन्हातल्या जॉबला मी गेज लावतच नाही.

11.00. ग्राइंडिंगवरून शाफ्ट उतरला. अंगाला 45 अंश, रीडिंग 50.022. "अजून एक पास मारू? दहा मायक्रॉनचा?" पोरगा विचारतो. फोरमनलाही घाई आहे, गिऱ्हाइकाचा पंप बंद पडलाय. मी शाफ्ट उचलून सरफेस प्लेटवर ठेवतो, शेजारी मायक्रोमीटर. पोलाद मीटरमागे दर अंशाला साडेअकरा मायक्रॉन फुगतं. 50 मिमीला 25 अंशांचा फरक म्हणजे चौदा मायक्रॉन! जवळजवळ अख्खी सूट उष्णताच खाते. एवढं वजा करून मोकळं होता येईल, पण शाफ्ट सगळीकडे सारखा तापलेला नसतो. कागदावरच्या वजाबाकीपेक्षा माझा भरवसा थांबण्यावर.

2.00. शाफ्ट 21 अंशांवर. मायक्रोमीटर उघड्या हातात न धरता स्टँडला लावून घेतलं : 50.008. पास! तो दहाचा पास मारला असता तर शाफ्ट 50च्या खाली गेला असता आणि पंप चालू झाल्यावर बेअरिंग सीटवर फिरायला लागलं असतं. पोरगा दोन टोकांना, आडवं-उभं, स्वतः माप घेतो. घेऊ दे, हात असाच बसतो.

3.30. आता हाऊसिंग, 110 मिमी एच 7. बोअर गेज नुसता फरक दाखवतं, त्यामुळे आधी रिंगवर सेट केलं. आत घालून डुलवायचं. काटा जिथून मागे वळतो तेच माप.

5.15. रिपोर्ट. फॉर्मवर तापमानाचा रकाना नाही, मी शेऱ्यात लिहितो. मायक्रोमीटर पुसून, तेलाचा हात फिरवून, तोंडं किंचित उघडी ठेवून पेटीत. 6ची बस.